सहस्र सूत्रांची दुरुस्ती

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्त्याचा दर शेकडा ४६ वरून ५० वर नेला आणि राज्यानेही मागाहून तोच दर स्वीकारला, त्या वर्षीची ही हकीकत. एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत, जिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, नव्या दराचे पगारपत्रक तयार होत असताना मी अन्य कामानिमित्त बसलो होतो. दोनशेहून अधिक माणसांचे ते पत्रक एक्सेलमध्ये मांडलेले होते; डी या रकान्यात प्रत्येकाचे मूळ वेतन आणि त्याच्या शेजारी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ‘=डी७*४६/१००’ अशा धर्तीचे सूत्र. पत्रकाचे काम पाहणाऱ्या भाऊसाहेबांनी कंट्रोल आणि एच ही बटणे दाबली, शोधावयाच्या चौकटीत ४६ आणि बदलावयाच्या चौकटीत ५० लिहिले, ‘रिप्लेस ऑल’वर टिचकी मारली, आणि इतके बदल झाले असे यंत्राने नम्रपणे सांगताच चहा मागवला. तळाशी बेरीज वाढली होती, आणि ती वाढणे अपेक्षितच होते.

पगार झाल्यावर चौथ्या दिवशी एक पर्यवेक्षिकाबाई आपली पावती घेऊन आल्या तेव्हा उलगडा झाला. त्यांचे नाव ४६ व्या ओळीत होते; त्या ओळीतील सूत्रात दर ४६ होता तसा ओळीचा अंकही ४६ च होता, आणि यंत्राने आज्ञेबरहुकूम दोन्ही बदलून सूत्र ‘=डी५०*५०/१००’ असे करून टाकले होते; सबब ५० व्या ओळीतील शिपायाच्या मूळ वेतनावर बाईंचा भत्ता मोजला गेला होता. १४६ व्या ओळीतील गृहस्थांचा भत्ता याच न्यायाने १५० व्या ओळीतील ज्येष्ठ शिक्षकांच्या वेतनावर मोजला गेला होता. त्यांनी मात्र तक्रार केली नव्हती. “पण सर, मशीनने कुठे चूक दाखवली?” हा भाऊसाहेबांचा प्रश्न त्यांच्या बाजूने अगदी प्रामाणिक होता, आणि प्रस्तुत आढाव्याचा सारा विषय त्या एका प्रश्नात सामावलेला आहे.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली अ‍ॅपल-टू या लहानशा संगणकासाठी ‘व्हिसिकॅल्क’ नावाची आज्ञावली बाजारात आणली, तेव्हापासून या कोष्टकांचे सामर्थ्य आणि त्यांचे संकट ही दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. कागदावरील खतावणीत आकडा बदलला की कारकुनाला त्यावर आधारलेली प्रत्येक बेरीज खोडून पुन्हा मांडावी लागे, आणि ही खाडाखोड कंटाळवाणी असली तरी प्रत्येक बेरजेवरून माणसाचा डोळा एकदा तरी फिरत असे. व्हिसिकॅल्कने हा कंटाळा नाहीसा केला, आणि त्याबरोबर तो डोळाही. सूत्र एका सेलमध्ये लिहावे, खालच्या हजार सेलमध्ये ओढून न्यावे, आणि प्रत्येक ठिकाणी त्यातील संदर्भांनी आपापल्या ओळीप्रमाणे आपोआप रूप पालटावे, ही कल्पना इतकी सोयीची होती की १९८३ चे ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ साली प्रथम मॅकिन्टॉशवर आलेले एक्सेल या दोघांनीही ती उचलली. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. इतक्या विस्तीर्ण भूमीवर पेरलेली सूत्रे एके दिवशी बदलण्याची पाळी आली म्हणजे काय करावयाचे, याचा विचार पेरणीच्या वेळी सहसा कोणी करीत नाही.

सूत्रे घाऊक बदलताना होणाऱ्या चुका तीन जातींच्या असतात, आणि त्यांतील पहिल्या दोन जातींचीच चर्चा जगात सर्वाधिक होते, कारण त्या दिसतात. पहिली जात उंबरठ्यावर अडवली जाणारी. समजा, पत्रकातील प्रत्येक रक्कम पूर्ण रुपयात आणावयाची आहे, म्हणून प्रत्येक सूत्राभोवती ‘राउंड’ या फलनाचे वेष्टन घालावयाचे आहे; ‘=’ च्या जागी ‘=राउंड(’ घालण्याची आज्ञा दिली की पहिल्याच सेलमध्ये उघडलेला कंस बंद झालेला नसल्याने एक्सेल ते सूत्र स्वीकारण्याचे नाकारते, संदेशाची चौकट समोर येते आणि काम तेथेच अडते. गूगलचे शीट्स आणि लिब्रेऑफिसचे कॅल्क यांची वृत्ती याहून निराळी; ते विद्रूप सूत्र सहसा दारात अडवीत नाहीत, आत घेतात, पण कपाळावर शिक्का मारून: गूगलमध्ये ‘#एरर!’ आणि कॅल्कमध्ये त्रुटीचा क्रमांक, जसा कंसाची जोडी न जमल्याचा ५०८. मला स्वतःला दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते, कारण हजार ठिकाणची दुरुस्ती करताना मधली अवस्था थोडा वेळ अशुद्ध राहण्याची मुभा कारागिराला असली पाहिजे.

ही मुभा एक्सेलमध्ये मिळवण्याची एक जुनी युक्ती आहे आणि ती जाणकारांच्या तोंडी सर्वत्र ऐकू येते. सर्व सूत्रांतील ‘=’ हे चिन्ह प्रथम एखाद्या खुणेने बदलून टाकावे; तसे करताच सूत्रे निव्वळ मजकूर बनतात, मजकुराला व्याकरण नसते, आणि मग दोन, चार, दहा बदल एकामागून एक निर्वेधपणे करून शेवटी खुणेच्या जागी ‘=’ पुन्हा स्थापित केले की सूत्रे जिवंत होतात. युक्ती उत्तम आहे, परंतु तिचे पथ्य फार थोडे लोक सांगतात. पुष्कळ जण खूण म्हणून ‘#’ घेतात. सूत्रात आधीपासून ‘#’ असेल, उदाहरणार्थ एखाद्या तुटलेल्या संदर्भाचे ‘#रेफ!’, तर परतीच्या प्रवासात तेथेही ‘=’ येऊन बसते, म्हणून खूण अशी असावी की जी त्या संपूर्ण वहीत अन्यत्र कोठेही सापडत नाही, आणि ती सापडत नाही हे आधी शोधून पाहिलेले असावे. सूत्रे मजकूर-अवस्थेत असताना ओळ घालू नये किंवा काढू नये, कारण मजकुरातील संदर्भ ओळींबरोबर सरकत नाहीत. सेलचे स्वरूप ‘टेक्स्ट’ असे ठरवलेले असेल तर ‘=’ परत आल्यावरही सूत्र जागे होत नाही, नुसती अक्षरे दिसत राहतात; स्वरूप आधी ‘जनरल’ करावे लागते. आणि कंट्रोल, शिफ्ट व एन्टर एकदम दाबून घातलेली जुन्या पद्धतीची सरणीसूत्रे या स्थित्यंतरात आपला महिरपी कंस गमावून बसतात. त्यांना या रांगेत उभे करूच नये.

वेष्टनाच्या कामाला मात्र ही खूण पुरेशी नाही, कारण सूत्राच्या शेवटी काही जोडावयाचे असेल तर शोधण्यासाठी तेथे प्रत्येक वेळी सारखे अक्षर असतेच असे नाही. त्याकरिता २०१३ पासून एक्सेलमध्ये आलेले ‘फॉर्म्युलाटेक्स्ट’ हे फलन मला सर्वांत भरवशाचे वाटते. शेजारच्या रिकाम्या रकान्यात या फलनाने जुने सूत्र अक्षरशः उतरवून घ्यावे, पहिले ‘=’ वगळून त्याच्या पुढे आणि मागे हवे ते शब्द जोडून नव्या सूत्राचा मजकूर तयार करावा, तो मूल्यरूपाने मूळ सेलवर, अगदी त्याच ओळीत, चिकटवावा, आणि मग ‘=’ च्या जागी ‘=’ अशी वरकरणी निरर्थक आज्ञा द्यावी; त्या आज्ञेने प्रत्येक सेल जणू पुन्हा टंकित होतो आणि मजकुराचे सूत्र बनते. या रीतीचा खरा गुण हा की जुने आणि नवे सूत्र काही काळ शेजारी शेजारी उभे असतात आणि बदल अमलात येण्यापूर्वी वाचता येतो. जुन्या दप्तरात मसुदा आणि साफ प्रत यांच्यामध्ये जी एक पायरी असे, ती येथे पुन्हा मिळते.

पहिल्याच जातीतील आणखी एक त्रास विशेषतः महिनेवार पत्रके ठेवणाऱ्यांच्या नशिबी येतो. ‘एप्रिल’ या पानाचे संदर्भ ‘मे’ या पानाकडे वळवावयाचे असतात, परंतु ‘मे’ नावाचे पान अद्याप निर्माण झालेले नसते. मग एक्सेल प्रत्येक सेलसाठी फाइल कोठे आहे ते विचारणारी खिडकी उघडते, आणि शेकडो सूत्रे असली तर एस्केपचे बटण झिजेपर्यंत दाबत बसावे लागते. पान आधी तयार करावे, संदर्भ मागाहून वळवावेत, इतकाच उपाय. संदर्भ निराळ्या वहीचे असतील तर शोधा-बदलाच्या वाटेला न जाता दुव्यांच्या यादीतून मूळ वहीच बदलण्याची जी स्वतंत्र तजवीज आहे तिचा आश्रय करावा.

दुसरी जात शिक्का घेऊन वावरणाऱ्या चुकांची: भागाकारात छेद शून्य, शोधलेले नाव यादीत नाही, संदर्भच नाहीसा झालेला. यांविषयी मला एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती काहीशा कठोरपणे. २००७ च्या एक्सेलमध्ये ‘इफएरर’ हे फलन आले, आणि तेव्हापासून ‘चूक येऊ न देता’ सूत्रे बदलण्याचा एक सोपा मार्ग म्हणून प्रत्येक सूत्र त्यात गुंडाळून चुकीच्या जागी शून्य किंवा रिकामी जागा दाखवण्याची प्रथा कचेऱ्याकचेऱ्यांतून रूढ झाली आहे. ज्या सेलमध्ये छेद शून्य होणे हे व्यवहाराचेच अंग आहे तेथे ते योग्य. पण घाऊक बदलाच्या आदल्या दिवशी सर्व सूत्रांना हे वेष्टन घालणे म्हणजे घराला आग लागल्याची घंटा त्रासदायक वाटते म्हणून तिची तार कापून ठेवणे होय. बदलाने तुटलेले संदर्भ मग शून्य होऊन बेरजेत मिसळतात, आणि बेरीज कधी ओरडत नाही.

येथून तिसरी जात सुरू होते: निःशब्द चूक, पर्यवेक्षिकाबाईंची चूक. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली राष्ट्रीय कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर जो निबंध प्रसिद्ध केला आणि ज्याचा हवाला पुढे काटकसरीच्या धोरणाचे समर्थक देत राहिले, त्यातील एका सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी धरीत होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश त्यामुळे बाहेर राहिले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेतील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने ते पत्रक मागवून घेतले, आणि मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन या अध्यापकांसह २०१३ साली दाखवून दिले की फार कर्जबाजारी देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नसून २.२ टक्के येते. न्यायाच्या दृष्टीने हेही नमूद केले पाहिजे की या तफावतीचा मोठा भाग माहितीची निवड आणि भारांकन यांतून आला होता, सूत्रातून सुटलेल्या पाच ओळींचा वाटा त्यात लहानच होता; तथापि लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या पाच ओळीच. कॅनडातील ट्रान्सअल्टा या वीज कंपनीचे २००३ साली २ कोटी ४० लाख डॉलरचे नुकसान झाले ते पत्रकात कापून चिकटवताना ओळी एकमेकींशी न जुळल्यामुळे. २०१२ साली जे. पी. मॉर्गनच्या लंडन कचेरीत जो प्रचंड तोटा झाला, त्याच्या चौकशीत जोखमीच्या गणिताचे एक पत्रक सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागत असल्याचे आढळले. या तिन्ही ठिकाणी एकही सेल लाल झालेला नव्हता.

भाऊसाहेबांच्या पत्रकाकडे परत येऊ. ४६ हा नुसता अंक न शोधता ‘*४६/’ असा शोध घेतला असता तर ओळींचे अंक वाचले असते, असे कोणी म्हणेल, आणि तसे म्हणणारा दुसऱ्या खड्ड्यात पडेल. कारण एक्सेलच्या शोधात तारकाचिन्ह म्हणजे ‘येथे काहीही असो’. त्या शोधाला ‘=डी४६*४६/’ हा आरंभापासूनचा सारा तुकडा सापडतो, तो सगळा ‘*५०/’ ने बदलला जातो, आणि मागे ‘*५०/१००’ अशी नुसती अक्षरे उरतात, जी सूत्रही नव्हेत आणि संख्याही नव्हेत. तारकेच्या आधी टिल्ड हे नागमोडी चिन्ह घातले की ती साधी गुणाकाराची खूण ठरते. गूगल आणि लिब्रेऑफिस यांच्या शोधात रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय आहे, आणि अंकाच्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण घातल्यास ‘डी४६’ मधील ४६ सुटतो. परंतु डॉलरचिन्हाने बांधलेल्या ‘$डी$४६’ या संदर्भातील ४६ सुटत नाही, कारण डॉलर हे अक्षरांत मोडत नाही. दर वेळी कुंपण एका बाजूने उंच केले की दुसऱ्या बाजूला फट राहते.

या संदर्भात एका विस्मृत पद्धतीची शिफारस करावीशी वाटते. मायक्रोसॉफ्टच्या १९८२ च्या ‘मल्टिप्लॅन’ या आज्ञावलीत सेलचा उल्लेख ओळ आणि रकाना यांच्या अंतराने करीत. एक्सेलनेही ती रीत आर१सी१ या नावाने पर्यायांच्या तळघरात जपून ठेवली आहे. ती चालू करताच ‘डी७’, ‘डी४६’, ‘डी१४६’ हे सारे भेद मावळतात आणि प्रत्येक ओळीतील सूत्र ‘याच ओळीत, एक रकाना डावीकडे, गुणिले ४६, भागिले १००’ असे अक्षरशः एकरूप दिसू लागते. त्या अवस्थेत ४६ च्या जागी ५० घातले तर ओळीच्या अंकाला धक्का लागण्याचा संभवच नाही, कारण ओळीचा अंक तेथे लिहिलेलाच नसतो. शिवाय कोणी मागे एखाद्या ओळीत हाताने निराळे सूत्र घालून ठेवले असेल तर ते हजार सारख्यांमध्ये एकदम वेगळे उठून दिसते. घाऊक बदलापूर्वी पत्रकावरून या दृष्टीने एकदा नजर फिरवणे हे मला सर्व युक्त्यांहून अधिक मोलाचे वाटते.

मॅक्रोची भाषा ज्यांना येते ते हे सर्व दहा ओळींच्या आज्ञेत करतात, त्यांना दोनच सूचना: मॅक्रो चालवल्यावर ‘अनडू’ची मागची वाट बंद होते, म्हणून आधी वहीची प्रत ठेवावी, आणि नव्या एक्सेलमध्ये ‘फॉर्म्युला’ या जुन्या गुणधर्माने सूत्र लिहिल्यास मध्येच ‘@’ चिन्ह अवतरू शकते, तेथे ‘फॉर्म्युला२’ वापरावे. गणना हस्तचलित ठेवण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. त्याने वेळ वाचतो, चूक वाचत नाही. आणि ती पूर्ववत करण्याचे विसरले तर शिळे आकडे ताजे म्हणून छापले जातात.

आता पडताळ्याचा प्रश्न, ज्यावर मी वाचकाला थोडा अधिक वेळ थांबवणार आहे. बेरीज वाढली एवढे पाहणे हा पडताळा नव्हे. बदलापूर्वी भत्त्याचा जुना रकाना मूल्यरूपाने शेजारी उतरवून ठेवावा आणि बदलानंतर नव्या रकमेला जुन्या रकमेने भागावे; दर ४६ वरून ५० झाला असेल तर भागाकार प्रत्येक ओळीत १.०८६९५७ इतकाच आला पाहिजे, मग तो मुख्याध्यापकांचा असो वा शिपायाचा. भाऊसाहेबांनी हे केले असते तर ४६ वी आणि १४६ वी ओळ त्याच क्षणी उघडी पडली असती, आणि तारकेने सूत्र खाल्ले असते तर तेथे ‘#व्हॅल्यू!’ चा शिक्का उमटला असता. बदलाचा परिणाम किती यावा हे बदल करण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवणे, एवढाच या पडताळ्याचा गाभा आहे.

आणि तरीही ही सारी शस्त्रक्रिया ज्या रोगासाठी करावी लागते तो रोग मुळात दर सूत्रात लिहिण्याचा आहे. दर एका सेलमध्ये ठेवावा आणि सूत्रांनी त्याकडे बोट दाखवावे, हा उपदेश जुना आहे. पण तोही अपुरा पडतो, कारण दर बदलला की मागील महिन्यांची पत्रके उघडताच तीही नव्या दराने मोजली जातात. दर ही केवळ संख्या नसते, तिला अंमलाची तारीख असते: १ जुलै २०२३ पासून ४६, १ जानेवारी २०२४ पासून ५०, १ जुलै २०२४ पासून ५३, १ जानेवारी २०२५ पासून ५५. या चार ओळींचा लहानसा तक्ता ठेवून सूत्राने महिन्याच्या तारखेवरून दर शोधून घ्यावा, म्हणजे नवा शासननिर्णय आला की एक ओळ वाढते आणि एकाही सूत्राला हात लागत नाही. दराला तारीख असते हीच गोष्ट व्यावसायिकांनी १ जून २०१५ पासून एका वर्षात सेवाकर १२.३६ वरून १४, १४.५ आणि १५ होताना अनुभवली. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी मोडीत निघाले तेव्हा तर शोधा-बदला हा उपायच लंगडा ठरला, कारण १२ च्या सर्व वस्तू ५ वर आणि २८ च्या सर्व वस्तू १८ वर गेल्या नाहीत. काही वस्तूंना ४० चा टप्पा लागला. कोणती वस्तू कोठे गेली हे यंत्राला ठाऊक नव्हते.

भाऊसाहेब आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी दरांचा तक्ता केला आहे असे ऐकतो. महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. ज्या वाचकांच्या हाती अशी पत्रके आहेत त्यांनी पुढील आदेश निघण्याची वाट न पाहता आजच पत्रक उघडावे, कंट्रोल आणि एफ दाबून चालू दराचा अंक शोधावा आणि ‘फाइंड ऑल’ म्हणावे. तो अंक किती सेलमध्ये आहे हे त्या खिडकीच्या तळाशी लिहून येते.